अप्पांच्या यंत्रातल्या तीन तारा

५ जानेवारी २०२५, रविवार

अप्पांचं आधारकार्ड हवं होतं म्हणून त्यांचं लोखंडी कपाट उघडलं. आधारकार्ड शेवटी माझ्याच पर्समध्ये निघालं. पण खालच्या कप्प्यात, मोजणीच्या टेपखाली, त्यांचा तो जपानी पॉकेट कॉम्प्युटर दिसला. कंपासपेटीपेक्षा जरा मोठा. वर एक ओळ मावेल एवढी काचेची पट्टी, खाली बारीक बटणं. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत असताना कालव्याचे उतार, मातीकामाचं घनफळ ते यावर काढायचे. आम्हा भावंडांना हात लावू द्यायचे नाहीत. मी बी.एस्सी.ला गेले तेव्हा मात्र स्वतःहून माझ्या मांडीवर ठेवला. "बेसिक शिक," म्हणाले.

आत पेन्सिल सेल फुटून हिरवा चुरा झालाय.

एक गोष्ट पाहून थांबले. उजव्या कडेला, इअरफोनची पिन जाईल असं सॉकेट बसवलेलं आहे. तिथं पूर्वी काळी चिकटपट्टी असायची, आता ती वाळून गळाली. हे कंपनीचं काम नाही. मोबाइलवर याच यंत्राचे फोटो शोधले — एकातही असं भोक नाही. भोक कानशीनं घासून गोल केलंय, कडा काळजीपूर्वक मऊ केल्यात. हा हात अप्पांचाच.

कशासाठी केलं असेल? सवयीनं विचारायला वळले. अप्पा त्याच खोलीत, पलंगावर. ऑक्टोबरपासून तोंडातून शब्द नाही.

७ जानेवारी

आज कमलबाई अप्पांना कुशीवर वळवत होत्या. त्या दिवसभर असतात, मी कॉलेजवर शिकवून आले की जातात. म्हणाल्या, "ताई, डावा अंगठा हलतोय बघा आप्पांचा." मी म्हटलं, तो हलतोच. सोलापूरच्या डॉक्टरांनी ते आधीच सांगितलंय — मेंदूच्या देठाशी रक्त अडकलं, आता हा अंगठा आपोआप हलतो, त्यात अर्थ शोधू नका. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर कुठंच ठरत नाही. डोळ्यांची उघडझाप करून हो-नाही विचारायचा प्रयोग आम्ही नोव्हेंबरभर केला. काही जमलं नाही.

"त्यांना कळत नाही असंच धरून चला," डॉक्टर म्हणाले होते. त्यांचं बोलणं वाईट नव्हतं. थकलेलं होतं.

११ जानेवारी

शनिवार. अर्धा दिवस कॉलेज. दुपारी यंत्र उघडलं. लिंबाच्या रसात कापूस बुडवून सेलचे पत्रे साफ केले. नवे सेल घातले आणि पट्टीवर एक बारीक काळा बाण उमटला. पस्तीसेक वर्षांचं यंत्र, जिवंत आहे. आतली स्मृती मात्र केव्हाच पुसली गेलीय. कोणता प्रोग्रॅम होता, काहीच उरलेलं नाही. उरल्यात त्या फक्त तारा.

तीन तारा आहेत. केसासारख्या बारीक. सॉकेटपासून निघतात. दोन तारा बटणांच्या पाटीखाली जातात, तिसरी वेगळ्या बाजूला, आवाज करणाऱ्या चकतीकडे. जोडाचे कथलाचे डाग इतके लहान आणि गोल की अप्पांनी ते भिंग डोळ्याला लावून दिले असणार. एवढं मन लावून त्यांनी काय केलं होतं?

घरात तर कधी बोलले नाहीत. आठवतं ते एवढंच — माझ्या दहावी-बारावीच्या काळात हे यंत्र घरात दिसायचंच नाही. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, विचारलं की "दुरुस्तीला दिलंय" म्हणायचे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ अप्पांच्या ओठाला नुसता लावला. नाकातल्या नळीतून जातं तेच त्यांचं जेवण.

१९ जानेवारी, रविवार

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मल्टीमीटर घरी आणला. एक टोक सॉकेटला, दुसरं एकेका बटणाच्या खाली. सगळी सकाळ त्यात गेली. निघालं असं — पहिल्या दोन तारा फक्त एकाच बटणाला जोडलेल्या आहेत. एंटरच्या. म्हणजे बाहेरून सॉकेटमधली ती दोन टोकं एकमेकांना टेकवली की यंत्राला वाटतं, कुणीतरी एंटर दाबलं.

करून पाहिलं. पिनेला दोन तारा जोडल्या, टोकं टेकवली. पट्टीवरची ओळ पुढं गेली. बटणाला हात न लावता.

खूप दिवसांनी मनापासून बरं वाटलं. मग वाटलं, हे सांगायचं कुणाला. अप्पांच्या कानाशी जाऊन सांगितलं. अंगठा हलत होता. तो हलतोच.

२० जानेवारी

मला वाटतं, मला कळलं. पर्जन्यमापक! अप्पा पाटबंधाऱ्यात होते. पावसाचं पाणी छोट्या पळीत साठतं, पळी भरली की कलंडते, कलंडताना तारा टेकतात, यंत्र मोजतं. परंड्याच्या बाजूला तलावांवर त्यांनी किती वर्षं काढली. हेच असणार.

२६ जानेवारी, रविवार

धाकटा भाऊ मल्लेश सोलापूरहून आला होता. नाकातली नळी या महिन्यात पुन्हा निघाली, पुन्हा घालताना अप्पांना रक्त आलं. दवाखान्याचं म्हणणं, आता पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कळवा म्हणालेत.

मल्लेश म्हणाला, "अक्का, मला न्हाय वाटत करावं. भूल देणार, कापणार. कशासाठी? त्यांना कळत असतं तर गोष्ट वेगळी."

"कळत नाही हे तुला कसं ठाऊक?"

"आणि तुला कळतंय हे कसं ठाऊक?"

तो अप्पांचे पाय चेपत बसला. त्याचा अप्पांवर माझ्याइतकाच जीव आहे. म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही.

जाताना यंत्र दाखवलं, पर्जन्यमापकाचं सांगितलं. हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. म्हणाला, "अप्पा म्हंजे अप्पाच."

२९ जानेवारी

पर्जन्यमापक नाही.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मुलं सर्किट जोडत होती आणि माझ्या डोक्यात ती तिसरी तार. पावसाला आवाज कशाला हवा? मोजणाऱ्या यंत्राचा आवाज बाहेर नेऊन कुणाला ऐकवायचा? तिसऱ्या तारेनं आवाज बाहेर जातो, पहिल्या दोन तारांनी एक दाब आत येतो. ऐकणारं आणि दाबणारं — दुसऱ्या टोकाला कुणीतरी माणूस होतं.

एकच बटण दाबू शकणारं माणूस.

३१ जानेवारी

संध्याकाळी मुरूमहून महांतप्पाकाकांचा फोन. अप्पांचे खात्यातले जुने सोबती, ओव्हरसियर होते. महिन्यातून एकदा चौकशी करतात. अप्पांचा अंगठा तेवढा हलतो, म्हटलं. मी सहज यंत्राचा विषय काढला. सॉकेटचं सांगितलं.

काका म्हणाले, "ते अजून हाय व्हय?" आणि मग, "फोनवर न्हाय सांगायचं ते. तू ये इकडं."

९ फेब्रुवारी, रविवार

मुरूमला जाऊन आले. कमलबाई आज सुट्टी असून थांबल्या. एसटीनं उमरगा, तिथून दुसरी गाडी. सगळं आठवेल तसं लिहून ठेवते.

महांतप्पाकाका आता फार वाकलेत. भिंतीला टेकून बसले. सून चहा ठेवून गेली. समोरच्या भिंतीवर लक्ष्मम्माकाकूंचा फोटो, भस्म लावलेला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, हे मला ठाऊक होतं. आजारी होऊन गेल्या, हेही. त्यापुढचं ठाऊक नव्हतं.

"एके सकाळी फळ्यावर लिहिता लिहिता पडली," काका म्हणाले. "तुझ्या अप्पाला झालं तेच. मान पण हलना. सोलापूर केलं, मिरज केलं. सगळे म्हणले, बाईत काय राह्यलं न्हाय. माझे भाऊ तर म्हणाले, पोरं लहान हायत, दुसरं लग्न कर. ती तिथंच पडलेली. तिच्या समोर बोलत व्हते. तिला कुठं कळतंय म्हणून."

काकांनी चहा माझ्याकडं सरकवला.

"बंडप्पा, म्हंजे तुझा अप्पा, एकदा बघायला आला. घटकाभर बसला. जाताना मला बाहेर घेऊन म्हणला, वहिनींचा गाल हलतोय, मी नाव घेतलं की हलतोय. मी म्हणलं, राहू दे बाबा. तो काय ऐकायचा न्हाय. पुढच्या रविवारी आला ते यंत्र घेऊन. मग दर रविवारी. आधी काय धड चालंना. तो घरी न्यायचा, परत आणायचा. पितळंची पट्टी तिच्या गालाला, आवाजाचा बोळा कानात. तिला यंत्राची काचेची पट्टी दिसायची न्हाय ना, मान वळत न्हवती. म्हणून आवाज. एक टिक् म्हंजे ए, दुसरी टिक् म्हंजे बी. पाच झाले की लांब आवाज, म्हंजी मोजायला चुकू नये. पायजे त्या अक्षराला गाल दाबायचा."

"त्यांना जमलं?"

"मास्तरीण व्हती ती." काका पहिल्यांदा हसले. "पहिला शब्द काय लिवला सांगू? तीन म्हयन्यानी बाई बोलली. आमाला वाटलं पोरांचं नाव घेईल, देवाचं घेईल. तिनं लिवलं किटकी. खिडकी. आमच्या कन्नडात खिडकीला किटकी म्हणतात. पलंगामागची खिडकी बंद करून ठेवली व्हती आमी, थंडी लागंल म्हणून. तिचा जीव घुसमटत व्हता तीन म्हयने."

दोन वर्षं काकू त्या यंत्रावर बोलल्या. पोरांचे अभ्यास घेतले. सासूशी भांडल्या. भावांनी दुसऱ्या लग्नाचं काय काय म्हटलं होतं, तेही सगळं एके दिवशी लिहून दाखवलं. मग निमोनिया झाला आणि गेल्या. त्यानंतर काकांनी यंत्र अप्पांना परत केलं.

मी विचारलं, अप्पा घरी कधी का बोलले नाहीत? काका म्हणाले, "मीच म्हणलं व्हतं, कुणापाशी बोलू नको. माझ्या भावांची लाज मला झाकायची व्हती. त्यानं शब्द पाळला."

अव्वा गेली तोवर तिला वाटत होतं, अप्पा रविवारी मुरूमला पत्ते खेळायला जातात. किती वेळा तिची बोलणी खाल्ली अप्पांनी यावरून. मान खाली घालून जेवत राहायचे.

निघताना काका आत गेले. बाहेर आले ते हातात रुमालाची पुरचुंडी घेऊन. आत पितळेची बोटभर पट्टी, खाली दुसरी पट्टी, मधे रबराचा तुकडा. एक लांब तार, टोकाला पिन. त्याच तारेला जुन्या ट्रान्झिस्टरचा कानात घालायचा बोळा.

"यंत्र परत केलं, पण हे न्हाय दिलं मी बंडप्पाला. तिच्या गालाला लागलेलं व्हतं."

मी म्हटलं, काका, राहू द्या, मी असं दुसरं करून घेईन. त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि मूठ मिटली.

"त्याचा अंगठा हलतोय म्हणलीस न्हवं तू?"

परत येताना गाडीत तो रुमाल मांडीवर धरून बसले होते. खिडकीबाहेर काय काय गेलं, काही पाहिलं नाही.

११ फेब्रुवारी

बारावीचे पेपर सुरू. सुपरव्हिजन करता करता वहीच्या मागच्या पानावर प्रोग्रॅम लिहिला. बेसिक बऱ्यापैकी आठवतंय. अप्पांनीच शिकवलेलं. ए ते झेड, झेडनंतर मोकळी जागा, प्रत्येकाला एक टिक्, पाचव्याला लांब. एंटर आला की ते अक्षर धरून ठेवायचं आणि परत ए पासून.

कमलबाईंना सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "करा ताई. न्हाय जमलं तर आप्पांचं काय बिघडतंय? तुमचं मन राहील."

१३ फेब्रुवारी

पितळेची पट्टी अप्पांच्या अंगठ्याखाली, हाताला पट्ट्यानं बांधली. बोळा कानात घातला. टिक् टिक् सुरू झालं तेव्हा मला वाटलं त्यांच्या कपाळावर काहीतरी हललं. वाटलं असेल नुसतं.

आलेली अक्षरं — K, F, F, W, J. काही अर्थ नाही.

१५ फेब्रुवारी

आज विचारलं, "अप्पा, तुमच्या नावाचं पहिलं अक्षर." बंडप्पा, B. यंत्र थांबलं E वर. परत विचारलं. E. मल्लेशचं पहिलं अक्षर विचारलं. P. काहीच जुळत नाही.

मल्लेशला फोनवर सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "अक्का, हाताला झटके येतात ते. नको स्वतःला त्रास करून घेऊ."

खरं असेल. काकूंचा गाल आणि अप्पांचा अंगठा सारखे असतीलच असं नाही. यंत्र तेच आहे म्हणून माणूस तेच ऐकतंय असं कुठं आहे.

१६ फेब्रुवारी

काही केलं नाही. यंत्र कपाटात ठेवलं.

१८ फेब्रुवारी

पेपर तपासायला बसले होते. एका मुलाचा पूर्ण आलेख बरोबर होता, फक्त सगळे बिंदू एक घर उजवीकडं सरकलेले. मी त्याला शून्य द्यायला निघाले आणि हात थांबला.

उठून १५ तारखेचं पान काढलं. B हवा होता तेव्हा E. दोन्ही वेळा E. M हवा होता तेव्हा P. बी सी डी ई. एम एन ओ पी. दोन्हीकडं तीन अक्षरांचं अंतर. तेच तीन!

यंत्र काढलं. पट्टी अंगठ्याखाली बांधली, पिन सॉकेटात घातली. "अप्पा, माझ्या नावाचं अक्षर." शिवलीला. S यायला हवा. टिक् टिक् चालू. S गेला. T गेला. U गेला. V वर थांबलं.

अप्पा चुकत नव्हते. त्यांना उशीर होत होता. अक्षर ऐकून अंगठ्यापर्यंत हुकूम पोचायला त्यांना वेळ लागतोय, आणि मी सेकंदाला एक अक्षर पळवत होते.

म्हणजे ऑक्टोबरपासून आम्ही या खोलीत जे जे बोललो — डॉक्टर बोलले, मल्लेश आणि मी बोललो, शेजारचे येऊन पलंगाशी उभं राहून जे बोलून गेले —

खूप रडले. कमलबाईंनी पाणी आणून दिलं, त्याही रडत होत्या.

१९ फेब्रुवारी

वेग कमी केला. आता एकेक अक्षर पाच सेकंद थांबतं. B विचारला, B आला. M विचारला, M आला. फार दमतात. तीन-चार अक्षरं झाली की डोळे पूर्ण मिटतात आणि झोप लागते. पण येतंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

मल्लेशचा विश्वास बसला नाही. मी अक्षर आल्यावर थांबवत असेन असं त्याला वाटत होतं, तोंडानं म्हणाला नाही. मी म्हटलं, तू विचार. मी अंगणात जाते. तू त्यांच्या कानात सांग, मला सांगू नको.

अंगणात तुळशीपाशी थांबले. खूप वेळ गेला. मग मल्लेश बाहेर आला. त्याचा चेहरा पाहूनच कळलं.

"राजेश्वरीचं विचारलं," तो म्हणाला. राजेश्वरी त्याची लेक. "म्हणलं, अप्पा, तुमच्या नातीचं पहिलं अक्षर. R वर थांबलं."

पायरीवर बसला. तोंड हातांत धरलं. "अक्का, मी तिथं उभं राहून म्हणलो व्हतो, त्यांना कळत असतं तर गोष्ट वेगळी. तिथंच उभं राहून."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

२४ फेब्रुवारी

महांतप्पाकाकांना फोन केला. सुनेनं घेतला, मग त्यांना दिला. मी म्हटलं, काका, अप्पा बोलतात. काका कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. ते मला म्हणाले नव्हते. फोटोकडं पाहून म्हणाले असणार.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. अप्पांचं गळ्यातलं इष्टलिंग त्यांच्या हातावर ठेवलं, त्यांच्या वतीनं पाणी मी घातलं. बेलाचं पान त्यांच्या बोटांत धरवलं.

आता नुसती अक्षरं विचारणं थांबवायचं ठरवलंय. आपणच विचारत राहिलो तर त्यांना त्यांचं बोलायचं कधी? रविवारी मल्लेश आला की त्यांना मोकळं सोडायचं. काय हवं ते लिहू दे.

२ मार्च, रविवार

मल्लेश, मी, कमलबाई. तिघंही होतो. मी अप्पांना म्हटलं, "आज आमचा काही प्रश्न नाही. तुम्हाला काय बोलायचंय ते बोला."

टिक् टिक् सुरू झालं. कुणी हललं नाही. B आला. मल्लेश म्हणाला, स्वतःचं नाव लिहितायत. मग A. मग बराच वेळ काहीच नाही, यंत्र पुढं पुढं जात राहिलं. पी. क्यू. आर. S.

मग त्यांनी डोळे मिटले. झोप लागली.

यंत्राच्या पट्टीवर तीन अक्षरं. BAS.

बस.

मल्लेश भिंतीकडं वळला. मी यंत्र हातात घेऊन उभी. पाच महिन्यांनी बोलले आणि एवढंच बोलले. बस. पुरे. नाकातली नळी नको, पोटातली नको, कुशीवर वळवणं नको, आमचं हे सगळं नको.

बाहेरच्या खोलीत मल्लेश म्हणाला, "आता तरी आपण ऐकलं पायजे, अक्का. त्यांनी सांगितलं." मी मान हलवली. एकेका अक्षरासाठी वाट पाहिली, मी सगळा खटाटोप करून त्यांना बोलतं केलं, ते याच्यासाठी? पण त्यांचा हक्क आहे. आपण विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं. उद्या-परवा दवाखान्याला नाही म्हणून कळवतो, असं मल्लेश म्हणाला. हो म्हटलं.

काय बस? हे त्यांना पुन्हा विचारायला हवं होतं. आम्ही दोघांनीही विचारलं नाही. उत्तर ऐकवलं नसतं.

३ मार्च

आज अप्पांच्या खोलीत गेले नाही. कमलबाईंनी सगळं केलं. मी दारातूनच परत फिरले, दोनदा. कॉलेजला उगाच लवकर गेले.

४ मार्च

सकाळी कमलबाईंनी हाक मारली. "ताई, आप्पा बेचैन हायत, सारखा अंगठा आपटतायत. ते यंत्र लावा की."

लावलं. पलंगापाशी उभी राहून पाहत होते. B. A. S. तेच. मला वाटलं संपलं, पिन काढायला हात पुढं केला. पण ते झोपले नव्हते. टिक् टिक् पार शेवटपर्यंत जाऊ दिली, मोकळी जागा घेतली. परत ए पासून. K. मग I.

BAS KI.

बस की.

पाच महिने मी या पलंगाशी उभीच आहे. औषध देते, चादर ओढते, निघते.

मल्लेशला फोन केला — दवाखान्याला अजून काही कळवू नको, अप्पांना अजून विचारलेलंच नाही. मग खुर्ची ओढली, त्यांच्या उशाशी घेतली आणि बसले.